‘परवा’ म्हणजे नक्की कोणता दिवस?

काही महिन्यांपूर्वी एका मित्राचा फोन आला. त्याच्या वडिलांना रुग्णालयात दाखल केले होते आणि तो थकलेल्या आवाजात म्हणाला, “सोमवारी आणलं, आज आठ दिवस झाले.” तो दिवसही सोमवारच होता, आणि कळायच्या आत माझ्या तोंडून निघून गेले, “म्हणजे सातच दिवस ना?” पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. हिशेब बरोबर होता, पण तो मांडायची ती वेळ नव्हती. अनेक वर्षांच्या प्रोग्रामिंगमधून अंगात मुरलेल्या या खोडीविषयी तेव्हापासून मी बराच विचार केला आहे.

प्रोग्रामर शब्दाचा कीस काढतात, हा आरोप मला मान्य आहे. मात्र ही मुळातच तुसडी किंवा गर्विष्ठ माणसे असतात, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण मला पटत नाही. माझ्या मते ही खोड बरीचशी कामातून लागते, कारण दिवसाचा मोठा भाग आम्ही अशा श्रोत्याशी बोलण्यात घालवतो ज्याला आपला हेतू कधीच कळत नाही, फक्त शब्द कळतात.

माणसांच्या बोलण्यात अर्धे काम ऐकणारा करत असतो. मराठीत होऊन गेलेला दिवसही ‘परवा’ आणि येणारा दिवसही ‘परवा’. क्रियापद ऐकले की उलगडा होतो, म्हणून कोणी अडत नाही. ‘आठवडा’ या शब्दातच आठ दडलेले आहेत आणि दिवस मात्र सात असतात. ‘पंधरा दिवसांनी या’ असे सांगितले की आपण निमूटपणे दोन आठवडे, म्हणजे चौदा दिवस मोजतो. संगणकाला आठ सांगितले तर तो आठच मोजणार, आणि पहिला दिवस धरायचा की नाही हेही त्याला आपणच सांगायचे. दहा खणांच्या सरळ कुंपणाला खांब अकरा लागतात, ही साधी गोष्ट न चुकलेला प्रोग्रामर मी अजून पाहिलेला नाही.

बैठकीत कोणी म्हणते, ‘सगळ्या ग्राहकांना संदेश पाठवा’, आणि आमच्यापैकी कोणीतरी विचारते, ‘सगळे म्हणजे खाते बंद केलेलेही का?’ त्यावर सुस्कारे ऐकू येतात. परंतु हा प्रश्न टाळल्याने नाहीसा होत नाही. प्रोग्राम लिहिताना त्याचे उत्तर द्यावेच लागते, कारण संदेश एक तर जाईल किंवा जाणार नाही. बैठकीत कोणी विचारले नाही, तर तो निर्णय रात्री एकटा बसलेला प्रोग्रामर घेतो आणि तो घेतला गेला हे इतरांना कळतही नाही. अशा वेळी शब्दावर अडून बसणाऱ्या माणसाचे मी आजही समर्थन करीन.

सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत बरोबरीचे एक चिन्ह म्हणजे ‘ही किंमत ठेव’ आणि दोन चिन्हे म्हणजे ‘या दोन किमती समान आहेत का ते पाहा’. नोव्हेंबर 2003 मध्ये लिनक्स कर्नेलच्या, म्हणजे लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याच्या, कोडच्या एका प्रतीत कोणीतरी दोन ओळी घुसवल्या. वापरणारा सर्वाधिकारी, म्हणजे शून्य क्रमांकाचा वापरकर्ता आहे का, हे त्या तपासत आहेत असे वरवर वाटत होते. मात्र तिथे बरोबरीचे एक चिन्ह कमी होते, त्यामुळे त्या ओळी तपासण्याऐवजी वापरणाऱ्याला सर्वाधिकारीच करून टाकत होत्या. मूळ भांडारात त्या बदलाची नोंद नसल्यामुळे तो पकडला गेला. ‘ध’चा ‘मा’ व्हायला निदान एक अख्खे अक्षर तरी बदलावे लागते. इथे दोन आडव्या रेघा गाळणे पुरेसे होते.

याहून भयंकर उदाहरण 25 फेब्रुवारी 1991 चे आहे. सौदी अरेबियातील धाहरान येथील, शत्रूची क्षेपणास्त्रे हवेतच पाडणारी पॅट्रियट यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत असे. 0.1 ही संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून, नेमकी लिहिता येत नाही, कुठेतरी तोडावी लागते. तोडताना राहिलेली नगण्य चूक यंत्रणा सुमारे 100 तास सलग चालू राहिल्याने साचत साचत सेकंदाच्या एक तृतीयांशापर्यंत गेली. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. यंत्रणेने ते अडवलेच नाही आणि 28 अमेरिकी सैनिक मारले गेले. हे एकदा वाचलेल्या माणसाला ‘जवळजवळ बरोबर’ हे शब्द पूर्वीसारखे ऐकू येत नाहीत.

इथवर मी माझ्या जमातीची वकिली केली. आता उलटतपासणीही केली पाहिजे. 4 जून 1996 रोजी एरियन 5 हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात, सुरुवातीपासून मिनिटभराच्या आत नष्ट झाले. त्याला कारणीभूत ठरलेला कोड एरियन 4 वर व्यवस्थित चाललेला होता आणि त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. आडव्या वेगाशी संबंधित एक किंमत 16 बिटांत, म्हणजे 32,767 च्या आत मावेल, असे त्यात गृहीत धरले होते. जुन्या रॉकेटच्या मार्गासाठी ते खरे होते, नव्याच्या मार्गासाठी नव्हते. 1999 मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान हरवले, तेव्हा एका सॉफ्टवेअरचे आकडे पाउंडांच्या एककात होते आणि दुसरे ते न्यूटनच्या एककात समजून वाचत होते. दोन्ही वेळा विरामचिन्हे जागच्या जागी होती आणि चूक कोणी न उच्चारलेल्या गोष्टीत होती.

आणि आम्ही वाद कशावर घालतो? ओळ आत सरकवताना टॅब वापरावा की स्पेस, महिरपी कंस त्याच ओळीवर असावा की पुढच्या, वेबपाने ज्यात लिहितात त्या एचटीएमएलला प्रोग्रामिंगची भाषा म्हणावे की नाही. (अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माइतका आनंद होतो, असे संस्कृतात म्हटले आहे, म्हणजे परंपरा जुनीच आहे.) असल्या चुका दिसायला सोप्या आणि दाखवायला त्याहून सोप्या असतात, शिवाय त्या दाखवताना आपले ज्ञानही सिद्ध होते. गृहीतक शोधायचे तर जे लिहिलेलेच नाही ते वाचावे लागते आणि त्यात बहुधा आपलेच अज्ञान उघडे पडते. मित्राच्या बाबतीत माझे नेमके हेच झाले. ‘परवा’ म्हणजे कालच्या आधीचा की उद्याच्या नंतरचा, हे खरोखर कळत नसेल तेव्हा विचारण्यात काही गैर नाही. त्याचे ‘आठ दिवस’ मात्र मला पहिल्याच क्षणी समजले होते.

मागे एका नव्या सहकाऱ्याचा कोड तपासायला माझ्याकडे आला होता. मी त्यावर अकरा शेरे लिहिले. चार नावांबद्दल होते, तीन मोकळ्या जागांबद्दल आणि एक तर टिपणीतल्या शुद्धलेखनाबद्दल. त्याने प्रत्येक शेरा मान्य करून नम्रपणे दुरुस्त्या केल्या आणि मी समाधानाने मंजुरी दिली. त्या कोडला एक यादी मिळणार होती आणि तिच्यात निदान एक तरी नाव असेल, असे त्याने गृहीत धरले होते, आणि मीही. पहिल्याच रात्री यादी रिकामी आली.