शाळेच्या निवडणुकीचा निकाल पावतीपुस्तकात असतो

मागच्या लेखात म्हटलं होतं की वडोदऱ्यात शाळा चालवणाऱ्या संस्थेची निवडणूक मतमोजणीला संपत नाही, ती चॅरिटी कमिशनरच्या (धर्मादाय आयुक्तांच्या) कचेरीत फेरफार रिपोर्टवर, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं कळवणाऱ्या कागदावर, पुढे चालू राहते. त्यावर पुण्याच्या एका वाचकांनी खरमरीत प्रतिक्रिया दिली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: व्हॉट्सअ‍ॅपवर बदनामी होते, मतदारांना जेवणं घातली जातात, शिक्षकांना प्रचाराला जुंपलं जातं, ऐनवेळी शंभर-दीडशे नवे सभासद उभे केले जातात. हा सगळा आचारसंहितेचा भंग आहे, हायकोर्टातून निवडणूक थांबवता येते, आणि तुम्ही मात्र एका कारकुनी कागदाचं माहात्म्य सांगत बसलात. गैरप्रकार करणाऱ्यांना याने मोकळं रान मिळतं.

राग रास्त आहे. पण या चार तक्रारींची दारं चार वेगवेगळी आहेत, आणि त्यांतली तीन निवडणूक रद्द करण्याकडे जात नाहीत.

आधी आचारसंहिता. निवडणूक आयोगाची आचारसंहिता आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं भ्रष्ट आचरणाचं कलम १२३ हे लोकसभा-विधानसभेसाठी आहे. वडोदऱ्यातली शाळा चालवणारी संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि गुजरात सार्वजनिक ट्रस्ट कायदा, १९५० खाली नोंदलेली असते (२०११ पर्यंत याचं नाव मुंबई सार्वजनिक ट्रस्ट कायदा होतं). तिथे प्रचार कसा करावा हे संस्थेच्या घटनेत असेल तेवढंच. आणि जुन्या घटना उघडून पाहा: नोटीस, कोरम, गुप्त मतदान, संपलं. प्रचारावर एक ओळ नसते. शाळेचं लेटरहेड, पालकांचे फोन नंबर, शाळेची गाडी प्रचारात वापरायची नाही, एवढं तरी निवडणूक नियमांत हवं असेल तर ते निवडणुकीच्या आदल्या वार्षिक सभेत मंजूर करून घ्यावं लागतं. उमेदवारी अर्ज भरून झाल्यावर कोणी ऐकत नाही.

बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चा गुन्हा आहे, पण तो ज्याची बदनामी झाली त्याचा वैयक्तिक खटला आहे. त्यात शिक्षा झाली तरी निकाल हलत नाही. जेवणं ट्रस्टच्या पैशातून झाली असतील तर तो हिशेबाचा मामला: ट्रस्ट कायद्याच्या कलम ३३-३४ खालच्या ऑडिटमध्ये लेखापरीक्षकाने असा गैरवाजवी खर्च अहवालात दाखवायचा असतो. व्हाउचरवर ‘पालक सभा अल्पोपाहार’ लिहून तो खर्च खपवलेला असतो, म्हणून तारीख प्रचाराच्या दिवसांतली आहे का ते पाहायचं. उमेदवाराने स्वतःच्या खिशातून जेवण घातलं असेल आणि घटना गप्प असेल, तर त्यावर फार काही करता येत नाही. मला ते आवडतं अशातला भाग नाही. शिक्षकांचा प्रश्न त्यांच्या सेवाशर्तींचा आहे, त्याची तक्रार डीईओ, म्हणजे जिल्हा शिक्षण अधिकारी, यांच्या कचेरीत करायची.

तरीही व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर कुठेतरी पुरावा म्हणून लागणार असेल, तर स्क्रीनशॉटचे प्रिंट काढून फाईलला लावले म्हणजे झालं, हा समज सोडा. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं: भाग ‘अ’ हजर करणाऱ्याचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा, आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा. जालन्याच्या अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतला का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या व्हिडिओवरून दाखवायचं होतं. त्या वेळच्या जुन्या कायद्याखाली सुप्रीम कोर्टाने १४ जुलै २०२० ला सांगितलं की मूळ उपकरण हजर होत नसेल तर प्रमाणपत्र हवंच. सरकारी कॅमेऱ्याची ही गत, तर तीन हातांतून फॉरवर्ड होऊन आलेल्या फोटोची काय असणार! ज्याच्या फोनवर मेसेज प्रथम आला तो फोन जपा. चॅट डिलीट करू नका, आणि फोन बदलायचा असेल तर जुना विकू नका.

आता तुमची चौथी तक्रार, नव्या सभासदांची. हीच खरी आहे, आणि तिचं दार म्हणजे तुम्ही ज्याला कारकुनी कागद म्हणता तोच.

निवडणूक झाली की विश्वस्तांतला बदल ट्रस्ट कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत कळवायचा असतो. डेप्युटी किंवा असिस्टंट चॅरिटी कमिशनर त्यावर चौकशी करतात: हरकती, प्रतिज्ञापत्रं, उलटतपासणी, मग निर्णय. त्यावर कलम ७० चं अपील ६० दिवसांत. एक गोष्ट तुमच्या बाजूने मान्य करतो: बदल निवडणुकीने होतो, रिपोर्ट फक्त त्याची नोंद करतो. पण निवडणूक कायदेशीर झाली का, हे तपासल्याशिवाय नोंद होत नाही, म्हणून सगळं भांडण तिथे येऊन थांबतं.

तिथे पहिला प्रश्न सभा कोणी बोलावली. आधीच्या दोन निवडणुकांचे रिपोर्ट प्रलंबित असतील, तर पीटीआरवर, म्हणजे ट्रस्ट रजिस्टरवर, अजून जुनेच विश्वस्त दिसतात, त्यांतले काही वारलेलेही. मग सभा बोलावणाऱ्यांना तो अधिकारच नव्हता असं म्हणत नव्या रिपोर्टला हरकत घेणारा मागच्या दोन्ही निवडणुका उकरून काढतो. दुसरा प्रश्न नोटिशीचा. घटनेत ‘पूर्ण १५ दिवस’ असेल तर पाठवल्याचा आणि सभेचा दिवस धरत नाहीत: सभा ३१ तारखेला तर नोटीस उशिरात उशिरा १५ ला. कित्येक घटनांत ‘यूपीसीने पाठवावी’ (म्हणजे टपाल पाठवल्याचा पोस्टाचा दाखला घेऊन) असं आहे, आणि टपाल खात्याने यूपीसी २०११ मध्येच बंद केली. मग सेक्रेटरी शिपायाहाती नोटिसा वाटतो आणि सह्यांचा कागद हरवतो. अशी निवडणूक नोटिशीवरच पडते, प्रचार कितीही सभ्य झालेला असो.

तिसरा प्रश्न यादीचा, आणि इथे पावतीपुस्तक मागून घ्या. नव्या सभासदांच्या स्थळप्रती उघडल्या की पुष्कळदा कळतं: क्रमांक सलग, शाई एकच, तारीख कार्यकारिणीच्या ज्या सभेत त्यांना मंजुरी दिली तिच्या आधीची, आणि बँकेतला भरणा मात्र तीन आठवड्यांनी एकरकमी. म्हणजे पैसे कोणा एकाने भरले, नावं नंतर बसवली. पावती, मंजुरीचा ठराव आणि बँक स्लिप या तीन तारखा शेजारी मांडा, उलटतपासणीत सेक्रेटरीला बोलायला जागा राहत नाही. उलट बाजूही पाहा. सोसायटी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेल्याला मत नाही. तुमच्या पॅनेलचे जुनेजाणते सभासद यात हमखास सापडतात.

मग गणित. समजा शेवटचा निवडून आलेला २१४ मतांचा आणि पहिला पडलेला २०३ चा. वादग्रस्त सभासद ४० आहेत, पण मतदानाच्या सही-रजिस्टरवर त्यांतले ९ च आले असतील तर ११ चा फरक त्यांनी भरून निघत नाही. ३० आले असतील तर ती जागा धोक्यात येते, आणि ३०० मतं घेतलेला अध्यक्ष तरीही सुरक्षित राहतो. यादीतला दोष असा जागेजागेवर लागतो, नोटिशीतला दोष मात्र सगळ्यांना घेऊन बुडतो. म्हणून निकालाच्याच दिवशी निवडणूक अधिकाऱ्याला लेखी द्या की मतपत्रिका आणि सही-रजिस्टर रिपोर्टचा निर्णय होईपर्यंत सीलबंद ठेवावं, आणि पोच घ्या.

हायकोर्टाचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या १९५२ च्या पोन्नुस्वामी निकालापासून कोर्टांचा कल एकदा सुरू झालेली निवडणूक मध्येच न अडवण्याकडे आहे. तो निकाल विधानसभेचा, पण तेच तत्त्व २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या एका सहकारी दूध संस्थेच्या मतदार यादीलाही लावलं गेलं. ट्रस्टच्या बाबतीत मतदानाआधी ट्रस्ट कायद्याच्या कलम ४१-ए खाली चॅरिटी कमिशनरकडे निर्देश मागता येतात, उदाहरणार्थ निरीक्षक नेमा, यादी आधी प्रसिद्ध करा. अमुक माणूस सभासद आहे की नाही, याचा निवाडा तिथे मागू नका. हा अर्ज तारीख जाहीर झाल्याच्या आठवड्यात करा, मतदानाच्या आदल्या शुक्रवारी नव्हे.

तुमचा शेवटचा प्रश्न, रिपोर्ट प्रलंबित असताना शाळेच्या खात्यावर सही कोणाची? बँक बहुतेक वेळा पीटीआरचा उतारा मागते आणि त्यावर जुनी नावं असतात. निकालाचं इतिवृत्त, निवडणूक अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र, सही बदलण्याचा ठराव आणि रिपोर्ट दाखल केल्याची पोच एकत्र घेऊन जा. विरोधी पॅनेलनेही स्वतःचा रिपोर्ट दाखल केला असेल तर बँक खातं गोठवायला बघेल. तेव्हा निदान पगार आणि वीजबिलापुरत्या दोन्ही बाजूंच्या संयुक्त सह्या मान्य करून टाका, आणि तसं बँकेला लेखी कळवा.