शून्यं भरून कार्ड ताजं होत नसतं

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'डेटालॉगर हळू झाला? कार्ड बदलायचा खर्च वाचवा.' डेटालॉगर म्हणजे यंत्राच्या नोंदी सतत साठवणारा बोर्ड, कार्ड म्हणजे त्यातली मेमरी. खाली पाच उपाय. दर महिन्याला अख्ख्या कार्डावर शून्यं लिहा म्हणजे मेमरीचे सेल ताजे होतात, डीफ्रॅग करा (फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावा), मोठी फाइल कॉपी करून स्पीड बघा, क्लास 10 चं कार्ड घ्या, थोडी जागा मोकळी ठेवा. ग्रुपवरच राहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण आमच्या दाजींनी भट्टीच्या लॉगरवर पहिला उपाय करून मग मला फोन लावला. "शून्यं भरली बघ सगळीकडं. आता तर जास्तच रडतंय की रे!"

रडणारच. कार्डातल्या फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी ती पुसावी लागते. लिहायचं पानापानानं, साधारण 4 ते 16 केबीचं एकेक. पुसायचा मात्र अख्खा ब्लॉक, आणि तो कित्येकदा काही एमबींचा. एक फरशी बदलायला सगळी खोली उकरायची, तसला प्रकार. म्हणून आतला कंट्रोलर, म्हणजे कार्डाचा कारभार बघणारी चिप, नवं लिखाण आधीच पुसून ठेवलेल्या जागेत टाकतो आणि जुनं सवडीनं साफ करतो. तुम्ही शून्यं लिहिलीत की त्याच्या लेखी प्रत्येक पत्त्यावर डेटा आहे. शून्य हाही डेटाच! मोकळं करायला निघालात ते कार्ड काठोकाठ भरलं, वर त्याच्या आयुष्यातला लिहिण्या-पुसण्याचा एक फेराही गेला.

फॉरमॅटनंतर काही कार्डं खरंच पळतात, हे नाइलाजानं मान्य. पण ते 'ही जागा आता नको' हा निरोप कंट्रोलरला पोचल्यामुळे. त्याला ट्रिम म्हणतात. 2013 साली अँड्रॉइड 4.3 मध्ये ट्रिमची सोय आली, तेव्हा मंदावलेल्या नेक्सस 7 टॅब्लेटना त्याचा फायदा झाला. लिनक्सवर त्यासाठी एफएसट्रिम ही कमांड आहे. कार्डाला ते कळत असेल तर भागलं. जागा मोकळी ठेवायचा सल्लाही त्याच अर्थानं बरोबर, पण ट्रिमशिवाय नुसत्या फाइली डिलीट करून कंट्रोलरला काही कळत नाही.

डीफ्रॅगवर शब्द वाया घालवत नाही. ती फिरत्या हार्डडिस्कची गोष्ट.

मोठ्या फाइलच्या चाचणीत मात्र भलेभले फसतात. लॉगरच्या बोर्डावर 512 एमबी रॅम असेल आणि तुम्ही 100 एमबीची फाइल कॉपी केलीत, तर ती आधी रॅममध्ये जाते आणि स्क्रीनवर झकास आकडा दिसतो. लॉगरचं काम असं सलग नसतंच. दर सेकंदाला साधारण 60 बाइटची एक ओळ, आणि प्रत्येक ओळीमागं सिंक, म्हणजे रॅममध्ये न ठेवता लगेच कार्डावर लिहायचा हुकूम. दिवसाला 86,400 ओळी, म्हणजे खरा डेटा पाचेक एमबी. पण प्रत्येक सिंकला किमान 4 केबी धरलं तरी साडेतीनशे एमबी लिहिलं जातं; फाइल सिस्टिमच्या जर्नलचा, म्हणजे तिच्या स्वतःच्या नोंदवहीचा, भार वेगळाच. तेव्हा चाचणी घ्यायची तर 4 केबीचे तुकडे घेऊन, प्रत्येक तुकड्याला सिंक लावून घ्या. क्लास 10 चा शिक्काही सलग 10 एमबी प्रतिसेकंदाचाच. किरकोळ लिखाणासाठी ए1 चा शिक्का बघा, त्यात सेकंदाला किमान 500 रँडम राइट, म्हणजे इथंतिथं विखुरलेली छोटी लिखाणं, लागतात.

अशा लॉगांनी काय होतं याचा दाखला टेस्लाचा. मॉडेल एस आणि एक्सच्या स्क्रीनमागची 8 जीबीची ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरच बसवलेली फ्लॅश चिप, लिहिण्या-पुसण्यानं झिजून बंद पडू लागली, आणि 2021 मध्ये अमेरिकेत सुमारे 1 लाख 35 हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. शून्यं भरायचा उपाय तिथं कुणी सुचवला नाही.

दाजींच्या बोर्डावर ईएमएमसीच आहे, मेसेजवाला तिलाही कार्डच म्हणतो. ईएमएमसी 5.0 पासून चिप आपली झीज स्वतःच सांगते. लिनक्सवर एमएमसी-युटिल्स या टूलनं वाचायचं: आयुष्याच्या खान्यात 1 म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत झीज, 11 (स्क्रीनवर 0x0b असं दिसतं) म्हणजे नेमलेलं आयुष्य संपलं. 11 दिसलं तर चिप किंवा बोर्ड बदला. आकडा लहान असेल तर लॉगर पुरवणाऱ्याला सांगून मिनिटभराच्या ओळी रॅममध्ये साठवून एकदम लिहायला लावा. लाइट गेली तर फार तर शेवटचं मिनिट जाईल. ते गिऱ्हाइकाच्या ऑडिटला चालतं का, तेवढं आधी विचारून घ्या.