तीन अक्षरी, मधे क्ष

ज्यांच्या घरात शब्दकोडं सोडवणारं वडीलधारं माणूस आहे त्यांनाच हे दुखणं कळेल, बाकीच्यांनी टाइमपास म्हणून वाचा. आमच्याकडे आत्या आहे. इथेच इंदूरला राजेंद्रनगरात राहते, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, रिटायर्ड शिक्षिका. तिची पुण्याची मावसबहीण तिला रोज मराठी पेपरातल्या कोड्याचा फोटो व्हॉट्सॅपवर पाठवते आणि मोकळी होते. भोगते मी. अडलं की फोन मला, हॅलो नाही, कशी आहेस नाही, डायरेक्ट "तीन अक्षरी, मधे क्ष, बोल पटकन." मी इकडे पोह्यांवर जीरावन मसाला टाकून राहिलेली असते, तोंडात शेव, डोक्यात ऑफिस, त्यात हा क्ष कुठून आणू?

"सूत्र काय आहे आत्या?"

"वर्गात आला की मुलं चिडीचूप होतात."

"शिक्षक."

"ते मला पण कळतं गं, पण राक्षस पण बसतोय ना."

आता यावर काय बोलणार. स्वतः इतकी वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई हे म्हणते म्हणजे विचार करूनच म्हणत असणार.

डिक्शनरीचा इथे काडीचा उपयोग नाही. तिला पहिलं अक्षर लागतं, आणि कोड्यात नेमकं तेच सोडून बाकी सगळं माहीत असतं. शेवटी ळी आहे एवढंच हातात असलं तर कुठलं पान उघडायचं? आत्याला मात्र पान लागत नाही, ती डोळे मिटून चारोळी आरोळी रांगोळी दिवाळी भूपाळी असं श्वास न घेता म्हणत सुटते, शेजारच्यांना वाटतं बाईंची पूजा चालू आहे.

इंग्रजीवाल्यांची चंगळ आहे. त्यांचं पहिलं कोडं आर्थर विन नावाच्या माणसाने 21 डिसेंबर 1913 ला न्यूयॉर्क वर्ल्ड या पेपरात छापलं, तेव्हापासून हिशोब सरळ, एका चौकोनात एक अक्षर, अक्षरं सगळी मिळून 26. येतात ती अक्षरं टाइप करा, बाकी जागी प्रश्नचिन्ह टाका, वेबसाइट ढीगभर शब्द काढून देते. त्या वर्डल नावाच्या ऑनलाइन शब्दखेळाचं तर अख्खं दुकान पाच अक्षरांवर चाललं, आणि 2022 मधे न्यूयॉर्क टाइम्सने ते विकत पण घेतलं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं त्याच चौकोनात कोंबायचं, जोडाक्षराला पण चौकोन एकच, आणि उभा शब्द आडव्याला भेटला की वेलांटीसकट जुळला पाहिजे, नुसता ण चालत नाही, णी म्हणजे णीच.

म्हटलं चला, आपणच काहीतरी करू. मराठी शब्दांची एक मोठी यादी नेटवरून उतरवली आणि कंप्युटरला सांगितलं, तीन अक्षरी शब्द काढ. त्याने काढले नाक, कान, दात. हे तर दोन चौकोनांचे! शिक्षकाचा पत्ता नाही. बंगलोरच्या भाच्याला फोन लावला, तो म्हणाला, मावशी, युनिकोडमधे, म्हणजे कंप्युटर ज्या पद्धतीने अक्षरं साठवतो त्यात, काना वेगळा मोजतात, वेलांटी वेगळी, पाय मोडायची खूण पण वेगळी, आणि क्ष ला तर स्वतःची जागाच नाही, क, मोडलेला पाय आणि ष मिळून तो तयार होतो. म्हणजे कंप्युटरच्या लेखी शिक्षक सहा अक्षरी. राक्षस पण सहा. (तिथे पण बरोबरी!) आणि स्त्री, जिला कोड्यात एकच चौकोन लागतो, ती पण सहा.

आत्याला हे सांगितलं तर म्हणे, "बरोबरच आहे, सहा जणांचं काम एकटीच करते."

मी फॅमिली ग्रुपवर गंमत म्हणून टाकलं की कंप्युटरच्या हिशोबाने इंदूर पाच, बडोदा पाच आणि ग्वाल्हेर नऊ. झालं. ग्वाल्हेरचे मामा जे कधी गुड मॉर्निंगपलीकडे जात नाहीत ते पेटले. शिंदे मोठे की होळकर हा वाद आमच्याकडे तसाही प्रत्येक लग्नाच्या पंगतीत होतो, आता तर मशीनचा दाखला मिळाला. दुपारपर्यंत नऊ विरुद्ध पाच असे सतरा फॉरवर्ड, बडोद्याच्या काकू मधेच भाकरवडीचा फोटो टाकून गेल्या.

या गडबडीत आत्याचा परत फोन, "भज्यांची एक भाजी, तीन अक्षरी." मी म्हटलं गिलकी. तर तिकडून पुण्याचं उत्तर आलं, घोसाळे. आता गिलकीत काय वाईट आहे? आमच्याकडे आजीपासून गिलकीचीच भजी तळतात, तीन चौकोनांत बसते पण बरोबर. पण कोडं बनवणारे तिकडे बसलेत, आपण लोकं इकडे.

शेवटी भाच्याने प्रोग्रॅम नीट करून दिला. म्हणाला, जोडाक्षर मधेच तोडायचं नाही हा नियम युनिकोडवाल्यांनी 2023 मधे आणला. आत्या म्हणाली, आम्हाला पहिलीत शिकवला होता. असो, प्रोग्रॅम चालला. मधे क्ष टाकल्यावर अक्षर, लक्षण, रक्षक, भक्षक, तक्षक, शिक्षक, राक्षस सगळे एका रांगेत हजर. आत्याने यादी बघितली, खालचा उभा शब्द 'पावसाची असते' म्हणजे सर, म्हणून शेवटी स, म्हणून राक्षस, असं लावून पेन ठेवलं. यादी तिला लागलीच नाही.

मी ग्रुपवर कळवलं, आता मोजणी दुरुस्त झाली, इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर सगळे तीन-तीन. मामांचा लगेच व्हॉइस मेसेज, "भाच्याला म्हणावं, आधीचंच ठीक होतं, अपडेट काढून टाक."