बाराशे वॅट

रविवारी आमच्या ओम्नीला नवा स्टीरिओ बसवला. मागची सीट काढून फळी आणि गादी टाकलेली, खिडक्यांना बायकोने शिवलेले पडदे, कोपऱ्यात छोटी शेगडी. आम्ही तिला कॅम्पर म्हणतो, सोसायटीतले लोक अ‍ॅम्ब्युलन्स म्हणतात. जुन्या स्टीरिओने मान टाकल्यावर नाना पेठेतल्या एका दुकानात गेलो. मागणी साधी होती: ब्लूटूथवाला सिंगल डिन स्टीरिओ आणि चार स्पीकर.

दुकानदाराने सात इंची स्क्रीन काउंटरवर ठेवली. "ही घ्या साहेब. डॅशबोर्ड थोडा कापावा लागेल." थोडा म्हणजे किती, असं विचारल्यावर त्याने ड्रॉवरमधून करवतीचं पान काढलं. सिंगल डिन म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटर, जर्मनांनी ठरवलेलं माप. डबल डिन दुप्पट उंच. ते माझ्या डॅशबोर्डात मावणार नाही, हे मी समजावत होतो.

"नाही म्हणा त्याला सरळ!" मागून आवाज आला.

स्टुलावर एक काका बसले होते. पांढरा हाफशर्ट, मांडीवर पेपर, हातात दुकानाच्याच चहाचा कप. मला वाटलं गिऱ्हाईक असतील. ते उठून गाडीपाशी आले आणि पडदा बाजूला सारून आत डोकावले.

"गाडीत झोपता?"

"हो, कोकणात वगैरे जातो तेव्हा."

"का? कोकणातली हॉटेलं बंद झाली?"

"तसं नाही हो काका, हौस असते."

"मिसेसपण झोपतात?"

"हो."

"त्यांचीपण हौस, का तुमचीच?"

मी स्पीकरच्या खोक्यावरचा मजकूर वाचायला घेतला. त्यावर ३०० वॅट लिहिलं होतं. असे चार म्हणजे १२०० वॅट. आणि ज्याने त्यांना जेवू घालायचं, त्या स्टीरिओच्या पाठीला फ्यूज दहा अँपिअरचा. गाडी चालू असताना चौदा व्होल्ट धरले तरी १४० वॅट होतात. उरलेले हजार कुठून येणार? हा हिशेब मी दुकानदाराला सांगितला. त्याने काकांकडे पाहिलं.

"ते पीएमपीओ असतं, क्षणभराचा कमाल आकडा," काका म्हणाले. "तुम्ही वॅट बघू नका, मॅग्नेट बघा." त्यांनी एक स्पीकर उचलून भाजीवाल्याकडच्या नारळासारखा कानाशी हलवला आणि म्हणाले, "चांगला आहे. बसव."

दुकानातला पोरगा बसवायला लागला! पैसे मी देणार, गाडी माझी, आणि तो विचारतोय, "काका, मागचे कुठे घेऊ?" काकांनी चपला काढल्या, गाडीत शिरले आणि माझ्या गादीवर आडवे झाले. डोळे मिटून घेतले. मी बाहेर उन्हात उभा.

"डोक्यापाशी नको. कान फुटतील. पायापाशी घे," आतून आदेश आला.

"अहो, पण गाणी पायांनी ऐकायची का?" मी म्हणालो तोपर्यंत ड्रिल सुरू झालं होतं.

मग वायरिंग. पिवळी वायर थेट बॅटरीची, तिच्यावर घड्याळ आणि सेटिंग टिकतं; लाल चावीची, चावी फिरवली तरच वीज देणारी; काळी अर्थिंगची. कपलर, म्हणजे वायरी जोडायचा तयार प्लग, लावला की पाच मिनिटांचं काम. पण पोराने जुना कपलर छाटून टाकला, वायरींचं प्लास्टिक दातांनी सोललं, तांबं चिमटीत पिळलं, वर काळी टेप गुंडाळली आणि टेपही दातांनीच तोडली. काळी वायर डॅशबोर्डखालच्या एका रंगवलेल्या स्क्रूला अडकवली. रंग खरवडायला हवा, म्हणालो. "होतंय साहेब," तो म्हणाला.

चाचणीला मी फोन काढला, तर काका म्हणाले, "अभंग लावा. पखवाजावर बेस कळतो." लावला. ते डोलले, दुकानदार डोलला. बिलात 'लेबर' आणि 'फिटिंग' असे दोन वेगळे आकडे होते. लेबरने फिटिंग सोडून आणखी काय केलं, हे मला अजून कळलेलं नाही. पक्क्या बिलाचा भाव वेगळा.

घरी येताना स्वारगेटला कळलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुंईऽऽ असा आवाज येतो, आणि वेग वाढेल तसा तो चढत जातो. अर्थिंग कच्चं असलं की बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर असा गाण्यात घुसतो. ओम्नीचं इंजिन आधीच आपल्या बुडाखाली, त्यात हा वरचा षड्ज. दुसऱ्या दिवशी चावी फिरवली तर घड्याळ बारा वाजून शून्य मिनिटं दाखवत होतं आणि मी लावलेली सगळी स्टेशनं गेली होती. म्हणजे लाल-पिवळीचीही अदलाबदल.

राग याचा येतो, की हे सगळं त्या पोराला येत नाही असं नाही. दोन रुपयांची कथिलाची तार आणि कानशीचे चार फटके. पण नीट काम मागणारं गिऱ्हाईक म्हणजे कटकट, अशी बाजाराचीच समजूत झाली आहे. आपण बोललो की 'साहेबांना फार कळतं' अशा नजरेने बघतात, आणि 'गाडीच जुनी आहे' हे उत्तर तयार असतं.

फोन केला. दुकानदार म्हणाला, "गाडीच जुनी आहे हो." मी आवाज चढवला, तेव्हा म्हणाला, "बरं, आणा, बघतो. पण सकाळी अकरानंतर या."

"का, तो पोरगा उशिरा येतो?"

"पोरगा नवापासून असतो. काका अकराला येतात."