मेलेल्या माणसाच्या तोंडी आपली वाक्यं घालणं बंद करा

परवा तो मेसेज पुन्हा आला. "स्टीव्ह जॉब्सचे मृत्युशय्येवरील शेवटचे शब्द. वाचून डोळे पाणावतील. वेळ काढून नक्की वाचा." वर जोडलेले हात, खाली रडका चेहरा, आणि त्याखाली फॅमिली ग्रुपवर प्रतिक्रियांची रांग. "अप्रतिम." "अंतर्मुख करणारं." "शेवटी हेच सत्य." ॲपल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेला हा माणूस ५ ऑक्टोबर २०११ ला गेला. हा मजकूर फिरायला लागला २०१५ च्या सुमारास, म्हणजे तो जाऊन चार वर्षं झाल्यावर. चार वर्षांनी शेवटचे शब्द कुठून उगवले, हा प्रश्न त्या रांगेतल्या एकालाही पडत नाही. पडलाच तर तो विचारणारा माणूस ग्रुपमध्ये वाईट ठरतो. गेल्या खेपेला मी विचारलं, तेव्हा काकांनी लिहिलं, "अगं, कोणी म्हटलं याला काय महत्त्व? विचार चांगला आहे ना!"

महत्त्व आहे, काका. विचार चांगला असेल तर तो तुमच्या नावावर पाठवा. गेलेल्या माणसाची सही कशाला लागते?

ज्यांनी तो नीट वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, त्यात काय आहे. जॉब्स म्हणे रुग्णालयाच्या खाटेवर पडलाय, अंधारात यंत्रांचे हिरवे दिवे लुकलुकताहेत, त्यांची घरघर ऐकत तो आयुष्याचा हिशोब मांडतोय. आयुष्यभर पैसा कमावला, पण कामापलीकडे आनंद असा मिळालाच नाही, असं त्याला आता उमगलंय. गाडी चालवायला माणूस ठेवता येतो, आपलं दुखणं भोगायला ठेवता येत नाही. जगातली सर्वांत महाग खाट म्हणजे आजाऱ्याची खाट. स्वस्त घड्याळ काय नि महाग घड्याळ काय, वेळ एकच दाखवतात. असं बरंच.

यातलं एक अक्षर त्याचं नाही.

तो गेला पालो आल्टोमधल्या स्वतःच्या घरी. बायको, मुलं, बहिणी जवळ होत्या. त्याची सख्खी बहीण मोना सिम्पसन कादंबरीकार आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चर्चमध्ये १६ ऑक्टोबरला झालेल्या स्मरणसभेत ती त्याच्याबद्दल बोलली आणि ३० ऑक्टोबरला ते भाषण न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलं. तिने सांगितलंय की त्याने आधी बहीण पॅटीकडे पाहिलं, मग बराच वेळ मुलांकडे, मग बायकोकडे, मग त्या सगळ्यांच्या खांद्यांवरून पलीकडे कुठेतरी. आणि म्हणाला, "ओह वाव. ओह वाव. ओह वाव." संपलं. उपदेश नाही, पश्चात्ताप नाही, घड्याळं नाहीत. जे होतं ते त्याच्या माणसांनी स्वतःहून जगापुढे ठेवलं, छापील, कुणालाही वाचता येईल असं. ते आम्हाला पुरलं नाही. आम्हाला रडणारा, पस्तावलेला, आमच्या बैठकीच्या खोलीत शोभेल असा जॉब्स हवा होता, म्हणून कुणीतरी तो तयार करून दिला.

मला सगळ्यांत जास्त चीड येते ती त्या हिरव्या दिव्यांची. मोनानेच त्याच भाषणात सांगितलंय की एका आजारपणात घशात नळी घातल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं, तर त्याने वही मागून घेतली. रुग्णाला खाटेवर आयपॅड धरता यावा म्हणून स्टँडची चित्रं काढली. सलाइनवर लक्ष ठेवणारी यंत्रं नव्याने काढली, एक्स-रेचं यंत्र काढलं, तो अख्खा विभागच कागदावर पुन्हा मांडला. मनासारखी परिचारिका मिळेपर्यंत त्याने ६७ परिचारिका बदलल्या, हेही तिनेच सांगितलंय. असा होता तो माणूस. हट्टी, त्रासदायक, आणि घशात नळी असतानाही समोरची वस्तू याहून चांगली कशी होईल या विचारात बुडालेला. तुम्हाला आवडो न आवडो, ते आयुष्य त्याचं होतं. कामात आनंद मिळाला नाही हे वाक्य ज्याने त्याच्या तोंडात कोंबलं, त्याने त्या माणसाचं उभं आयुष्यच पुसून टाकलं. वर आपण त्याला श्रद्धांजली म्हणतो.

बरं, मृत्यूबद्दल तो बोललाच नव्हता का? बोलला होता. १२ जून २००५, स्टॅनफर्डचा पदवीदान समारंभ. पंधरा मिनिटांचं भाषण. स्वतःच्या आवाजात, शुद्धीवर, उभं राहून त्याने सांगितलं की आपल्याकडे वेळ मोजका आहे, दुसऱ्याचं आयुष्य जगण्यात तो घालवू नका. आजही फुकट ऐकता येतं. त्याची भाषांतरंही झाली आहेत. पण ते आमच्या ग्रुपवर येत नाही, कारण त्यात काम मनापासून करा असं सांगितलंय. मोठा माणूस शेवटी "सगळं व्यर्थ आहे" असं म्हणाला की आपल्याला बरं वाटतं. आपण काही केलं नाही ते बरंच झालं, असं मनातल्या मनात म्हणून आपण पुढच्या मेसेजकडे वळतो.

इथपर्यंत मी कदाचित गप्प बसले असते. पण याच मेसेजची एक लांब आवृत्ती फिरते. तिच्यात शेवटी जॉब्स आरोग्याचे धडे देतो. जगातले सहा उत्तम डॉक्टर म्हणे ऊन, विश्रांती, व्यायाम, आहार, आत्मविश्वास आणि मित्र. एवढे सांभाळा, दुसऱ्या डॉक्टरची गरज नाही.

आणि हे कुणाच्या तोंडी घातलंय? ऑक्टोबर २००३ मध्ये त्याला स्वादुपिंडात गाठ असल्याचं कळलं. स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगासारखी ती नव्हती, दुर्मिळ, हळू वाढणाऱ्या प्रकारातली होती. शस्त्रक्रिया करून काढता येईल अशी. डॉक्टर म्हणाले काढू. तो नको म्हणाला. पोट फाडून घ्यायचं नाही, हे त्याने नंतर स्वतः चरित्रकाराला सांगितलंय. जवळपास नऊ महिने तो कडक शाकाहार, फळांचे रस, जडीबुटी, ॲक्युपंक्चर करत राहिला. बायको विनवत होती. मित्र विनवत होते. इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीचे अँडी ग्रोव्ह स्वतः कर्करोगातून उठलेले, त्यांनी तोंडावर सांगितलं की तू वेडा आहेस. शेवटी ३१ जुलै २००४ ला शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हा कळलं की आजार पसरलाय. २००९ मध्ये यकृत बदलावं लागलं. त्या उशिराने नेमकं किती नुकसान झालं यावर डॉक्टरांत एकमत नाही, मीही तसा दावा करणार नाही. पण त्या निर्णयाचा त्याला पुढे पश्चात्ताप झाला, असं त्याच्या चरित्रकाराने जाहीरपणे सांगितलंय. म्हणजे त्याच्या आयुष्यातून आजाऱ्याने घ्यावी अशी एक गोष्ट असेल तर ती हीच की डॉक्टर काढू म्हणतात तेव्हा काढून घ्या. आणि आपण त्याच्याच नावाने उलटं वाटत सुटलोय!

माझ्या मामांच्या आतड्यात गाठ निघाली तेव्हा हा कागद त्यांच्या फ्रिजवर होता. कुणीतरी ग्रुपवर पाठवलेला, त्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून, लॅमिनेट करून लावलेला. वर जॉब्सचा तो हनुवटीवर हात ठेवलेला फोटो, खाली सहा डॉक्टरांची यादी. शस्त्रक्रियेची तारीख घेऊया म्हटलं की मामा त्या कागदावर बोट ठेवायचे. "हे बघ. एवढा अब्जाधीश, जगातला कुठलाही डॉक्टर दारात उभा केला असता त्याने. तोसुद्धा शेवटी हेच सांगून गेला." मी सांगून बघितलं, मामा, हे त्याचं नाही, त्याने उलट असं असं केलं होतं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुला जास्त माहीत, का त्याला?" काय बोलणार यावर? मामी रोज सकाळी काढा उकळायची, आणि आतल्या खोलीत जाऊन मला फोन करायची, की बाई गं, तुझ्या मामांना समजाव. शस्त्रक्रिया झाली शेवटी. मामा आज चालते-फिरते आहेत. पण मधले ते आठवडे त्या बाईने कसे काढले ते मी बघितलंय, आणि तो मेसेज पाठवणाऱ्याला आजही वाटतं की त्याने एक चांगला विचार पोहोचवला.

हे लिहितं कोण? पहिला कोण ते कुणालाच माहीत नाही. पण मराठीत आणणारे आपलेच असतात. इंग्रजीतून उचलायचं, दोन ओळी तुकोबांच्या नावावर आपल्याच जोडायच्या, एखादी आईची आठवण घुसडायची, खाली "संकलन" म्हणून स्वतःचं नाव टाकायचं आणि वर बजावायचं की कृपया नावासह फॉरवर्ड करा. दुसऱ्याच्या तोंडी खोटे शब्द घालताना लाज नाही, पण आपलं नाव गाळलेलं चालत नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते याला. मग व्याख्याते येतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात, सोसायटीच्या गणपतीत, माइक हातात, आवाज ओला करून, "मित्रहो, मृत्यूच्या दारात उभा असलेला स्टीव्ह जॉब्स म्हणतो..." समोर शंभर मुलं बसलेली. शिक्षक टाळ्या वाजवतात.

परदेशी माणूस आहे, कोण विचारतंय, असं कुणी म्हणेल. मग आपल्याच घरचं बघा. रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात गेले, ८६ व्या वर्षी. दुसऱ्या दिवशी नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्राच्या हिरवळीवर लोक रांगा लावून उभे होते. मग वरळीला शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. त्या रांगेतल्या माणसांबद्दल मला नितांत आदर आहे. कुणी टाटांच्या कारखान्यात नोकरी केलेला, कुणाच्या घरचं माणूस परळच्या टाटा रुग्णालयात बरं झालेलं. ते आले, हात जोडले, गेले. त्यांच्यापैकी कुणाला टाटांच्या तोंडी वाक्यं घालायची गरज पडली नाही.

आणि त्याच वेळी फोनवर काय चाललं होतं? सुविचारांचा पूर. प्रत्येकाखाली टाटांचं नाव. हा माणूस जिवंत असताना हात जोडून सांगत होता की हे माझं नाही. ११ एप्रिल २०२०, टाळेबंदीतले दिवस, अर्थव्यवस्थेवरचा एक मजकूर त्यांच्या नावाने फिरत होता. त्यांनी स्वतः ट्विटरवर लिहिलं की हे मी म्हटलेलं नाही, लिहिलेलंही नाही, व्हॉट्सॲपवर आलेलं पडताळून घ्या, मला काही सांगायचं असेल तर मी माझ्या अधिकृत खात्यावरून सांगेन. पुढच्याच महिन्यात दुसरा खोटा मजकूर निघाला, पुन्हा खुलासा करावा लागला. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला हे करत बसावं लागलं! फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्यासाठी भारतरत्नाची मोहीम सुरू झाली, तीही थांबवा अशी त्यांनीच विनंती केली. ही त्यांची खरी वाक्यं. ती कुणाच्या स्टेटसला दिसली का? मला तरी एकाच्याही नाही. आता तर खुलासा करायला ते नाहीत, म्हणजे मैदान मोकळं.

त्यांच्या कुत्र्यालासुद्धा सोडलं नाही. गोव्यात सापडलेलं पिल्लू, म्हणून त्याचं नाव गोवा. त्याला एनसीपीएत अंत्यदर्शनाला आणलं होतं, ते दृश्य सगळ्यांनी पाहिलं. तेवढं हृदयाला भिडणारं होतंच की! पण पुरलं नाही. आठवडाही गेला नसेल, मेसेज आला की मालकाच्या विरहाने गोवानेही प्राण सोडला. मुंबई पोलिसांतल्या एका अधिकाऱ्याला टाटांच्या निकटवर्तीयाकडे चौकशी करून जाहीर सांगावं लागलं की कुत्रा व्यवस्थित आहे. एक जिवंत मुकं जनावर आपण मारून टाकलं, कारण गोष्टीचा शेवट अजून रडवा हवा होता. आमच्या ग्रुपवर तो खुलासा मी टाकला. त्याखाली कुणी एक अक्षर लिहिलं नाही. वरच्या खोट्या मेसेजखाली मात्र दुसऱ्या दिवशीही रडके चेहरे पडतच होते.

भावना पोहोचली ना, मग झालं, हे उत्तर मला आता कुणी देऊ नका. फ्रिजवर चिकटलेल्या कागदातूनही भावनाच पोहोचत होती. ग्रुपवर एखाद्या मोठ्या माणसाचे शेवटचे शब्द येऊन पडले की मी दर वेळी तिथेच, सगळ्यांसमोर विचारणार आहे. हे तो कुठे बोलला? कधी? तिथे कोण होतं? छापलंय कुठे? काकांना राग आला तर येऊ दे. ॲडमिनला मला काढायचं असेल तर काढू दे. आणि मामांच्या वेळी तो कागद ज्याने पाठवला होता, त्याने परवा पुन्हा तोच मेसेज टाकला आहे. त्याला मी नाव घेऊन विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही, उद्या पुन्हा विचारणार.