अंगण वाकडंच आहे

'सरत्या वर्षात विभागाने' एवढं लिहून मी नऊ दिवस थांबलो होतो. पुढचं माहीत नव्हतं असं नाही. विभागाने काय केलं, काय करायचं राहिलं आणि राहिलेलं झाल्यासारखं कसं लिहायचं, सगळं फायलीत होतं. पण 'विभागाने'च्या पुढे कर्सर लुकलुकायला लागला की खोलीतलं काही ना काही मला हाक मारायचं. खुर्ची करकरायची. ट्यूब मधूनच डोळा मारायची. कपाटाचं दार, कुणी हात लावलेला नसताना, सावकाश उघडून आतलं सगळं दाखवायचं आणि तसंच निर्लज्जासारखं उभं राहायचं.

नवव्या दिवशी मी बायकोला म्हटलं, "या खोलीत काम होणं शक्य नाही."

"नाचता येईना..." एवढंच म्हणून ती निघून गेली. आमच्याकडे ही म्हण अंगणापर्यंत पोचतच नाही. वापरून वापरून तिचा पुढचा भाग झिजून गेलाय.

या म्हणीबद्दल माझी जुनी तक्रार आहे. नाचणाऱ्याची हजेरी सगळ्यांनी घेतली, पण अंगण कुणी मोजून पाहिलं का? समजा, ते खरोखरच वाकडं असलं तर? त्या रात्री मी अहवाल बाजूला सारला आणि अंगणाविरुद्ध पुरावे गोळा करायला बसलो. अहवाल लिहायचा सोडून दुसरं कुठलंही काम माझ्याकडून झपाट्याने होतं, त्यामुळे रात्री एकपर्यंत भरभक्कम फाइल तयार झाली.

पहिला साक्षीदार रॉजर अल्रिच. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी या गृहस्थांनी तपासल्या आणि १९८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली, आणि नर्सच्या टिपणांत त्यांच्याबद्दल कुरकुरही कमी होती.

माझ्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. भिंतीवरून एक पाइप उतरतो आणि पाइपच्या सांध्यातून चार पानांचं एक रोपटं डोकावतं. ते झाडात धरायचं की भिंतीत, याचा खुलासा अल्रिचसाहेबांनी केलेला नाही. मी ते झाडात धरून दहा मिनिटं एकटक पाहिलं. माझं पित्ताशय शाबूत असल्यामुळे असेल, पण फरक जाणवला नाही.

दुसरा पुरावा मी सकाळी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला, आणि तिथेच माझं गणित चुकलं. डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी या दोन संशोधक बायकांनी नोकरी करणाऱ्या जोडप्यांना कॅमेरा घेऊन आपापल्या घरात फिरायला लावलं आणि जे दिसेल त्याबद्दल बोलायला सांगितलं. मग त्या बोलण्यात 'पसारा', 'अर्धवट राहिलंय' असले शब्द किती येतात ते मोजलं. दिवस कलेल तसं शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरत जायला हवं. ज्यांच्या तोंडी पसाऱ्याची भाषा जास्त, त्यांच्यात ते नीट उतरत नव्हतं आणि दिवस सरेल तसा मूडही पडत जात होता. हे २०१० साली प्रसिद्ध झालं.

"बरोबर आहे," बायको म्हणाली. "पुढे?"

पुढचं वाक्य असं होतं, की हा परिणाम बायकांमध्ये दिसला. नवऱ्यांमध्ये तसा संबंध आढळला नाही. हे मी मनात वाचायला हवं होतं.

तिने काही न बोलता खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

या खुर्चीबद्दल थोडं सांगायला हवं. ती बसायची खुर्ची आहे असं तिच्या आकारावरून वाटतं, पण तिच्यावर बसलेलं कुणाला आठवत नाही. तिच्यावर माझे त्रिशंकू कपडे असतात. एकदा घातलेला शर्ट धुवायला टाकण्याइतका मळलेला नसतो आणि कपाटात ठेवण्याइतका स्वच्छ उरलेला नसतो. त्याला स्वर्ग नाही आणि पृथ्वी नाही, म्हणून तो खुर्चीवर जातो. त्यावर उद्याचा, त्यावर परवाचा. तळाशी एक स्वेटर आहे, तो मागच्या थंडीतला की त्याआधीच्या, हे उत्खननाशिवाय सांगता येणार नाही. आणि मला, शपथेवर सांगतो, या ढिगाचा काडीचाही त्रास नव्हता. बायकोने बोट दाखवलं त्या क्षणापर्यंत मला तो दिसतच नव्हता. त्यानंतर मात्र दुसरं काही दिसेना. 'विभागाने' लिहिलं की डोळ्याच्या कोपऱ्यात एक बाही लोंबायची.

बचाव म्हणून मी कॅथलीन व्होज बाईंना उभं केलं. २०१३ सालच्या त्यांच्या प्रयोगात टेबलटेनिसच्या चेंडूचे नवे उपयोग सुचवायला सांगितलं, तेव्हा पसाऱ्याच्या खोलीत बसलेल्यांना जास्त कल्पक उपयोग सुचले.

"तुम्हाला अहवाल लिहायचाय की चेंडूचे उपयोग?" बायकोने विचारलं. वर माहितीही काढली, की त्याच बाईंच्या प्रयोगात नीटनेटक्या खोलीतल्या लोकांनी दान जास्त दिलं. माझ्या दातृत्वावर बोलणं येण्याआधी मी कपडे उचलले आणि पलंगावर ठेवले. तेवढ्यात पलंगावर तिच्या सिरीजची वेळ झाली, आणि कपडे पुन्हा खुर्चीवर आले. पण या वेळी घड्या घातलेले.

आता टेबल हलवायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं, मुलीने दुसरी बाजू धरली.

टेबल सरकलं तसा त्याच्या मागच्या जमिनीवर धुळीचा अचूक नकाशा दिसला. नकाशात दोन पेनं, रिमोटचं मागचं झाकण आणि एक बॅडमिंटनचं शटल होतं. आखूड पायाखालची कागदाची चौपदरी घडी निसटली, ती मुलीने उलगडली. तो माझा गेल्या वर्षीचा अहवाल होता. पहिली ओळ होती, 'सरत्या वर्षात विभागाने'.

"बाबा, मस्त लिहिलंयत," ती म्हणाली आणि परत घडी घालून पायाखाली सारली.

आधी टेबल खिडकीला लावलं, कारण उजेड. इथे विज्ञान पूर्ण माझ्या बाजूने होतं. आपल्या खोलीत बऱ्यापैकी दिवे लावले तरी तीन-चारशे लक्स उजेड असतो आणि बाहेर भर उन्हात तो लाखाच्या घरात जातो. डोळे बेमालूम जुळवून घेतात, म्हणून हा फरक कळत नाही. पण आपलं आतलं घड्याळ या उजेडावरच लागतं. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसलं तर त्याला दिवस कधी सुरू झाला आणि कधी संपला हेच कळेनासं होतं. सगळं खरं. फक्त खिडकीतला उजेड थेट स्क्रीनवर पडत होता, आणि अहवालाच्या जागी मला माझाच चेहरा दिसत होता. नऊ दिवसांचा वैतागलेला. त्याच्या बरोबर कपाळावर 'विभागाने' लिहिलेलं होतं.

मग टेबल हॉलमध्ये गेलं. हॉलमधून मला पाच वेळा उठवलं गेलं, त्यातली तीन कुरिअर माझी नव्हती. मग बेडरूममध्ये, दार लावून. बंद खोलीत माणसाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचत जातो. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास असतो, बंद खोलीत हजाराच्या वर सहज चढतो. मी मोजला नाही. डोळे मिटायला लागले आणि पलंग समोरच होता, एवढंच नोंदवतो. साडेचारला मुलीने उठवलं.

भिंतीला गुलाबी रंग देण्याचा विचारही मध्ये येऊन गेला. १९७९ साली सिएटलच्या नौदल तुरुंगात एक कोठडी गुलाबी रंगवली आणि कैदी शांत झाले म्हणे. पुढे लोकांनी पुन्हा तपासून पाहिलं तेव्हा ती जादू टिकली नाही. बरं झालं. रंगाऱ्याला बोलावलं असतं तर अहवाल पुढच्या वर्षाचाच झाला असता.

टेबल निमूटपणे मूळ खोलीत परत आलं. या खोलीचा एक गुण मात्र मान्य करायला हवा, इथल्या पंख्याचा रेग्युलेटर माझ्या ताब्यात आहे. घरातल्या बाकी पंख्यांवर एकमत होत नाही, इथे मी राजा. पाचवर डोकं बधिर होतं. चारवर कागद उडतात. दोनवर घाम येतो आणि एक तर नुसतीच वातावरणनिर्मिती. मला तीन लागतो. खोलीत आलो की आधी पंखा तीनवर, मग चष्मा, मग लॅपटॉप. बायको कधीकधी दारातून हे बघते आणि काहीतरी बोलायचं असल्यासारखी उभी राहते. मग जाते.

आणि पंखा तीनवर करून मी बसलो, त्याच दिवशी वरच्या मजल्यावर फरशा उखडायला सुरुवात झाली.

ड्रिलचा आवाज सहन करता येतो, त्याच्या मधली शांतता सहन होत नाही. ड्रिल चालू असतं तोवर माणूस दात आवळून बसतो. थांबलं की कान टवकारतात. संपलं का? की बिट बदलतोय? जेवायला गेला असेल का? 'विभागाने' या शब्दापुढे मी 'अनेक' लिहिलं, घर्रर्र झालं, 'अनेक' खोडलं. अशी दोन तासांत चार 'अनेक' खर्ची पडल्यावर मी तरातरा वर गेलो.

दार उघडलं ते डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झालेल्या एका तरुणाने. पापण्यांवरसुद्धा धूळ. माझी दोन वाक्यं ऐकायच्या आतच तो म्हणाला, "सॉरी काका, खरंच सॉरी. अजून दोन दिवस चालेल. पण तुम्ही काम करत असाल आणि फारच झालं, तर मला फक्त मिस्ड कॉल द्या. लगेच थांबवायला सांगतो." आणि टाइल्सच्या खोक्याचा एक तुकडा फाडून त्यावर नंबर लिहून दिला.

मी भांडायला गेलो होतो. नंबर घेऊन आलो.

तो पुठ्ठ्याचा तुकडा लॅपटॉपशेजारी ठेवला. ड्रिल सुरू झालं. मी नंबराकडे पाहिलं, म्हटलं, एवढा परिच्छेद होऊ दे. परिच्छेद झाला. परत घर्रर्र. म्हटलं, आकडेवारीचा तक्ता होऊ दे, मग देतो. तक्ता झाला. वर आता भिंत फोडत असावेत, छताची थोडी पूड कीबोर्डवर पडली. मी ती फुंकून टाकली आणि 'आगामी वर्षातील उद्दिष्टे' सुरू केली. संध्याकाळी ड्रिल थांबलं तेव्हा सात पानं झाली होती, आणि आवाज थांबलाय हे मला बायकोने सांगितलं.

"दिला होता का मिस्ड कॉल?"

"गरजच पडली नाही."

हा प्रकार माझ्या फायलीत होता, फक्त पुरावे गोळा करायच्या घाईत मी तो वरवर वाचला होता. १९७० च्या आसपास डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोघांनी लोकांना बसवून त्यांच्या कानावर गोंगाट सोडला होता. दोघांचं स्पॅनिश बोलणं, एकाचं आर्मेनियन बोलणं आणि टाइपरायटर, आकडेमोडीचं आणि प्रती काढायचं यंत्र, असं सगळं एकात एक कालवून, कधीही सुरू होणारं आणि कधीही थांबणारं. त्यातल्या काहींना एक बटण दिलं. सांगितलं, हे दाबलं की आवाज बंद होईल. पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलं नाही. म्हणजे गोंगाट सगळ्यांनी सारखाच ऐकला. पण नंतर न सुटणारी कोडी सोडवायला दिली तेव्हा बटणवाले कितीतरी जास्त चिकाटीने बसून राहिले, आणि मुद्रितशोधनात त्यांच्या चुकाही कमी झाल्या.

भिंत, झाड, उजेड, पसारा, सगळ्यांचं काहीतरी खरं आहेच. पण माझं अंगण वाकडं होतं ते इथे. बायकोला त्या खुर्चीचा त्रास का होतो आणि मला का होत नाही, हेही तेव्हा लख्ख कळलं. ढीग माझा होता. तो उचलायचा की नाही हे माझ्या हातात होतं. तिच्या हातात नुसतं बघणं होतं. हे कळल्यावर मी शर्ट धुवायला टाकले. स्वेटर राहू दिला, एकदम सगळं सवयीचं नसतं.

अहवाल गेला. दोन दिवसांनी ट्यूबचा चोक बदलायला इलेक्ट्रिशियन आला. स्टुलावर चढून काम करता करता त्याने सहज स्विचबोर्डाकडे पाहिलं, रेग्युलेटर एकदा पाचपर्यंत आणि परत एकपर्यंत फिरवला, आणि म्हणाला, "साहेब, हा डायरेक्ट केलेला आहे. नुसती खुंटी फिरते."

"म्हणजे?"

"म्हणजे पंखा फुल स्पीडलाच चालतो. कायम."

मी बायकोकडे पाहिलं. ती दारातच उभी होती.

"मागे रेग्युलेटर जळाला होता, तेव्हा त्या दुसऱ्या माणसाने तात्पुरता डायरेक्ट करून दिला," ती म्हणाली. "तीन वर्षं होतील."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. पण तुम्ही तीनवर केलात आणि म्हणालात, आता कसं बरं वाटतंय."

"आणि चारवर कागद उडायचे ते?"

"खिडकी उघडी असायची."

इलेक्ट्रिशियन सभ्य माणूस होता, त्याने चोककडेच बघत विचारलं, "नवीन बसवून देऊ? आहे माझ्याकडे."

मी क्षणभर विचार केला. नवीन बसवला तर तीन म्हणजे खरंच तीन होणार.

"नको," मी म्हटलं. "आहे तो चांगला आहे."

संध्याकाळी पुढच्या तिमाहीचं टिपण काढायला बसलो. पाऊस पडून गेला होता, जरा गारठा वाटत होता. मी उठून पंखा दोनवर केला.