समुद्राचा तळ म्हणजे रिकामा प्लॉट नाही

आज ग्रुपवर एकाने समुद्रतळाच्या खाणकामाचा व्हिडिओ टाकला, खाली लिहिलं, "चार-पाच किलोमीटर खोल नुसता चिखल आणि धातूचे गोळे, काढा की बिनधास्त, कुणाचं काय जातंय." आणि त्यावर धडाधड अंगठे! डोकंच फिरलं माझं.

आमचे वेंगुर्ल्याचे काका होडी जराशी बाजूला घ्यायचे की गळाला मासा वेगळा. खडपावर गोबरा, वाळूवर मुडदुशी. लहानपणी विचारलं तर म्हणाले, "अगो, तळ बदललो की मासो बदलता." एवढं साधं आहे हे!

खोल समुद्रातही तेच. पॅसिफिक महासागरातला, हवाई आणि मेक्सिकोच्या मधला क्लॅरियन-क्लिपर्टन पट्टा, जिथे या गोळ्यांसाठी सगळे टपून बसलेत, तिथे 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटरहून खोल, बुडालेल्या डोंगराच्या माथ्यावर कॅमेऱ्यासमोर किलोभर बांगड्याच्या जातीचा मासा बांधून सोडला, तर एका वेळी 115 ईल, म्हणजे सापासारखे लांब मासे, जमले त्यावर, वळवळत, एकमेकांच्या अंगावरून! शेजारच्या सपाट चिखलात ती झुंबड नाही, तिथली मंडळीच वेगळी. पॅसिफिकमधल्या सगळ्यात खोल दरीतला, मारियाना गर्तेतला, स्नेलफिश मासा वेगळा, चिलीसमोरच्या अटाकामा गर्तेतला वेगळा. वरून खाणं किती पडतं, ऑक्सिजन किती, खाली खडक की गाळ, सगळ्यावर ठरतं. आपल्या अरबी समुद्रात साधारण 200 ते 1000 मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, तिथे टिकणारे मोजकेच.

या गोळ्यांतलं निकेल-कोबाल्ट बॅटरीला लागतं, मान्य. क्लॅरियन-क्लिपर्टनमध्ये 13 क्षेत्रं खाणकाम होऊ नये म्हणून राखून ठेवलीत, बरं केलं. पण राखीव तुकड्यात तेच मासे आहेत का हे कोण बघणार? काकांना विचारा, वाळू राखून खडपावरचा गोबरा वाचतो का! आणि हे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात, म्हणजे एकदा उचलले की संपलं.

मध्य हिंदी महासागरात हे गोळे शोधायला आपल्या, म्हणजे भारताच्या, वाट्याला 75,000 चौरस किलोमीटर आहे. गोव्याच्या एनआयओने, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, 1981 मध्ये गवेषणी जहाजावरून पहिले गोळे वर काढले, त्याचा मला अभिमानच वाटतो, खरंच. माझं भांडण त्यांच्याशी नाही. एवढंच म्हणणं आहे की यंत्र उतरवण्याआधी चारा बांधून कॅमेरे सोडा, डोंगरावर वेगळे, सपाटीवर वेगळे, आपल्या या भागाच्या सगळ्या कोपऱ्यांत सोडा, आणि पॅसिफिकमधल्या माशांची यादी इथे चिकटवून मोकळे होऊ नका.